अकरा महिन्यांची धास्ती

डोंबिवली पूर्वेला भाड्याने राहणाऱ्या एक बाई समुपदेशनाला आल्या, त्या झोप लागत नाही म्हणून. (ओळख कळू नये यासाठी तपशील बदलले आहेत.) चार वर्षांत तिसरं घर, नवरा सकाळी सातच्या आत लोकल गाठणारा, मुलगा दुसरीत. "मॅडम, अॅग्रीमेंट संपायला तीन महिने राहिले की छातीत धडधडायला लागतं. मिक्सरसुद्धा मी वापरून झाला की परत खोक्यात ठेवते."

आम्ही मिक्सरच्या त्या खोक्यापासूनच बोलायला सुरुवात केली. निघायची तयारी ठेवली म्हणजे धक्का कमी बसेल, असं मन समजतं. पण त्यामुळे रोजचा दिवस निघायच्या आदल्या दिवसासारखा जातो. अशा वेळी नुसते श्वसनाचे व्यायाम सांगून घरी पाठवणं बरोबर नाही. या धास्तीला खरं कारण आहे आणि त्या कारणाला हात घालता येतो.

कागदावर दोन रकाने केले. डावीकडे भीती: मालक घर सोडायला सांगतील, डिपॉझिट कापतील, शाळा बदलावी लागेल. उजवीकडे प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: हे कोणाला आणि कधी विचारायचं? पहिल्याच ओळीला त्या अडल्या. "पण भाड्याचा करार अकरा महिन्यांचाच करायचा, असा कायदाच आहे ना?"

हा समज जवळजवळ प्रत्येक भाडेकरूचा असतो. एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला सहसा नोंदणी लागत नसे, त्यातून ११ हा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा (घर ठराविक मुदतीसाठी वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. म्हणजे ११ महिन्यांत वाचत काहीच नाही. उलट दर नूतनीकरणाला नोंदणी फी, एजंटचे पैसे, कधीकधी ब्रोकरेज. मालकाला वाटणारी भीती, की भाडेकरू बसेल, तिलाही उत्तर आहे: मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर कलम २४ खाली ताबा मागता येतो आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम वसूल करता येते. ११ महिने असोत की ३६, हे संरक्षण तेच.

खर्चाचा हिशोब तिथेच मांडला. भाडं १४,०००, डिपॉझिट ६०,०००, मुदत ३६ महिने. एकूण भाडं ५,०४,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे १८,०००. या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण १,३०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. तीन वर्षांसाठी एकदाच. भाडेवाढ लिहिली तर आकडा थोडा वाढतो. बाईंनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मग मालकांशी बोलायचा सराव. "काका, मुलाची शाळा इथेच आहे. ३६ महिन्यांचं करू या, दरवर्षी पाच टक्के वाढ आत्ताच लिहून टाकू." पहिल्यांदा त्यांचा आवाज शेवटी खाली आला आणि पुढे आपोआप जोडलं गेलं, "जमलं तर बघा." ते तीन शब्द काढायला चार वेळा म्हणून घ्यावं लागलं. बोलणं मुदत संपायच्या तीन महिने आधी, आणि ठरलेलं लगेच व्हॉट्सअॅपवर लिहून, हेही ठरलं.

काका २४ महिन्यांवर आले. मसुदा वाचताना चार गोष्टी घालून घेतल्या. दोन्हीकडून दोन महिन्यांची नोटीस. डिपॉझिट किल्ल्या देताना त्याच दिवशी परत. रंगाचे पैसे कापायचे असतील तर आकडा आत्ताच लिहायचा. आणि मालकांनी घर विकायला काढलं तरी दोन महिने आधी कळवायचं, कारण घर विकलं गेलं तर नवा मालक या कराराला बांधील राहीलच असं नाही. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) मालकाचं, हेही स्पष्ट झालं. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त आकारता येत नाही. भिंतीवरचे ओलीचे डाग, नळ, दरवाज्यांच्या कड्या आणि महावितरणच्या मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून त्यांनी करार होताच मालकांना पाठवले.

झोप लगेच सुधारली नाही. साडेतीनला जाग येणं महिनाभर चाललं. त्यासाठी संध्याकाळी सहा ते सव्वासहा एवढीच वेळ काळजीला दिली: वही उघडायची, दोन रकाने भरायचे, वही बंद. रात्री विचार आला की "उद्या सहाला" म्हणायचं. पुढच्या भेटीत वहीत घराबद्दल एकच ओळ होती. बाकी पान मुलाच्या गणिताचं.