घरात सगळेच जाड असतील तर लठ्ठपणा जनुकांतूनच आलेला असतो का? जनुक चाचणी करावी का?

‘आई, मामा, मी सगळेच जाड; हे रक्तातच आहे की आम्ही खादाड आहोत?’ असं तुम्ही विचारलंय. ‘खादाड’ वाचलं आणि लिहायला बसले.

मी आणि माझी धाकटी बहीण नागपुरात महाल भागातल्या एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर वाढलो. ती काडी, मी ढोल. माझ्या दहावीच्या सुट्टीत मावशीकडे सांबारवड्या होत्या (पुण्याकडच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर). मी तिसरी घेतली. मावशीनं ती कढीसकट माझ्या ताटातून उचलली आणि बहिणीला वाढली. ‘‘तिच्या अंगाले लागत नाही बाप्पा, खाऊ दे तिले. तू आता बस कर.’’ बहिणीची ती पाचवी होती. माझ्या ताटात कढीचा पिवळा ओघळ तेवढा उरला. सगळे हसले, मीही हसले.

मावशीचं आजही तेच: तोंड ताब्यात तर अंग ताब्यात. मग हे घ्या. कॅनडात क्लोद बुशार या संशोधकांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना आठवड्यातले सहा दिवस रोज १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या, असे एकूण ८४ दिवस. निष्कर्ष १९९० मध्ये छापून आले. जादा खाणं सगळ्यांचं सारखंच, पण कुणाचं वजन ४.३ किलोंनी वाढलं, कुणाचं १३.३. आणि जुळ्या भावांचं वाढणं बरंचसं एकमेकांसारखं. यात तोंडाचा ताबा कुठे आला?

खादाडपणाही काही आकाशातून पडत नाही. २००७ मध्ये लठ्ठपणाशी संबंध सापडलेल्या एफटीओ जनुकाचा जोखमीचा प्रकार आई-वडील दोघांकडून आला, तर वजन सरासरी ३ किलोंनी जास्त भरतं, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे भूक. पोट भरल्याचा निरोप काहींना उशिरा पोचतो. अशी शेकडो जनुकं थोडा थोडा हातभार लावतात, म्हणून सख्ख्या बहिणींतही वाटणी वेगळी पडते.

चाचणीचे पैसे वाचवा. अहवाल काहीही आला तरी डॉक्टर सांगणार तेच. नियमित हालचाल करणाऱ्यांत एफटीओचा परिणाम कमी दिसतो. मी फुटाळा तलावावर रोज चालते. बारीक झाले नाही, पण साखर नॉर्मल आहे.

साखर निघाली बहिणीला. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा २००४ चा फोटो प्रसिद्ध आहे: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी युडकिनना ९.१ टक्के, याज्ञिकांना २१.२. आपल्याकडचे सडपातळ लोक आतून असेही असतात.

हं, मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. आणि सगळं जनुकांवर ढकलू नका; आईच्या पोटात असताना मिळालेलं पोषणही यात येतं. मूल तान्हेपणापासूनच भराभर फुगत असेल आणि त्याची भूक भागतच नसेल, तर मात्र चाचणीला अर्थ आहे, कारण लेप्टिन किंवा एमसी४आर या एकाच जनुकातला बिघाडही असू शकतो.

बाकी घरात शिंप्याची टेप असेल तर कंबर मोजा. बायकांची ८० सेंटिमीटर, पुरुषांची ९० ही आपल्याकडची मर्यादा. काडीसारख्या माझ्या बहिणीची ८६ भरली. मावशीला अजून सांगितलेलं नाही.