काडीकचऱ्यापासून साखर आणि चांगलं लिग्निन, दोन्ही एकाच वेळी मिळू शकतं का?

मिळू शकतं, पण आधी लिग्निन (काडाला ताठपणा देणारा घटक), मग साखर, असा क्रम लावला तर. गव्हाच्या काडाला आम्ल आणि वाफ दिल्यावर साखर बरी येते, पण लिग्निनचा कशातच न विरघळणारा काळा चुरा होतो, असं तुम्ही लिहिलंय. प्रयोगशाळेत मीही सुरुवातीला हेच केलं. तेव्हा नजर फक्त साखरेच्या आकड्यावर असायची आणि तो चुरा मी जाळायचा माल समजायचो.

गव्हाच्या काडात साधारण 35 ते 40 टक्के सेल्युलोज, 20 ते 30 टक्के हेमिसेल्युलोज आणि 15 ते 20 टक्के लिग्निन असतं. पहिली दोन साखरेच्या साखळ्या. लिग्निन मात्र अॅरोमॅटिक वलयांचं, म्हणजे बेंझिनसारख्या कार्बनच्या कड्यांचं, जाळं, त्यात साखर नाहीच. दीडशे-दोनशे अंशांवर आम्लात त्याचे ईथर बंध तुटतात आणि मोकळी झालेली टोकं लगेच एकमेकांना कार्बन-कार्बन बंधांनी पकडतात. हे नवे बंध इतके पक्के असतात की नंतर ते सोडवणं फार अवघड. शिवाय अशा लिग्निनचे बारीक थेंब तंतूंवर बसतात, साखळ्या तोडून साखर करणारं एन्झाइम त्यांनाच चिकटतं आणि साखरही कमी निघते.

म्हणून मी अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणाकडे वळलो. त्यात लिग्निन विरघळतं आणि अल्कोहोल त्या मोकळ्या टोकांना स्वतःच जोडलं जातं, त्यामुळे ती एकमेकांत गुंतणं कमी होतं. मग द्रावणात पाणी घातलं की लिग्निन फिकट तपकिरी साका होऊन खाली बसतं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत राहिलो होतो.

महागडी उपकरणं नसतील तर सौम्य कॉस्टिक सोडा घ्या. गवतवर्गीय पिकांत लिग्निनचा बराच भाग एस्टर बंधांनी अडकलेला असतो आणि ते अल्कलीत सहज सुटतात. सोड्याच्या प्रक्रियेनंतर उरलेला काळा द्रव ओतून देऊ नका. त्यात आम्ल घालून पीएच 2-3 वर आणलात की लिग्निन बाहेर येतं. मात्र काडातली सिलिकाही सोबत येते, तेव्हा राख मोजल्याशिवाय लिग्निन शुद्ध धरू नका.

उरलेला लगदा नीट धुऊन 50 अंशांना, पीएच 5 च्या आसपास सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, द्या. 100 ग्रॅम सेल्युलोजपासून जास्तीत जास्त 111 ग्रॅम ग्लुकोज मिळू शकतं, कारण साखळी तुटताना पाणी जोडलं जातं. हिशेबात झायलोज, म्हणजे हेमिसेल्युलोजमधून येणारी साखर, वेगळं धरा. साधं यीस्ट ते आंबवत नाही.