वाचकांचे प्रश्न: शिकारीसाठी सायकल निवडताना

प्रश्न: मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला असून नोकरीनिमित्त काही वर्षांपासून अमेरिकेतील मोंटाना राज्यात, मिझुला येथे राहतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विचारही मनात येण्याचे कारण नव्हते. इथे मात्र रीतसर प्रशिक्षण घेऊन आणि परवाना काढून मी सहकाऱ्यांबरोबर म्युल डिअर व एल्क या हरणांच्या शिकारीला जाऊ लागलो आहे. आमच्या भागातील राष्ट्रीय वनांत खडीचे अनेक रस्ते फाटक लावून मोटारींना बंद केलेले असतात. त्यापुढचे आठ-दहा किलोमीटर सायकलने जावे, असे मनात आहे. एका दुकानदाराने ग्रॅव्हल बाइक (खडीच्या रस्त्यांसाठीची, अरुंद टायरची सायकल) सुचवली, दुसऱ्याने चार इंची टायरची फॅट बाइक. मित्राचे म्हणणे असे, की जुनी माउंटन बाइक पुरते. माझे वजन ८२ किलो आहे. मी कोणती सायकल घ्यावी?
– एक वाचक, मिझुला

उत्तर: तुम्हाला सल्ला देणाऱ्या तिघांनीही फक्त जाण्याचाच विचार केलेला दिसतो. पहाटे रायफल, पाणी आणि शिदोरी घेऊन फाटकापासून वर चढायचे एवढेच काम असते, तर यांपैकी कोणतीही सायकल चालली असती. शिकारीच्या सायकलीची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते, कारण तेव्हा अंधार पडलेला असतो, उतार लागलेला असतो आणि गाडीवर मांसाचे ओझे असते. म्हणून परतताना तिच्यावर किती भार असेल, याचा हिशेब आधी मांडावा आणि मगच दुकानात जावे.

हा हिशेब असा आहे. तुमचे ८२ किलो, कपडे, पाठपिशवी व रायफल मिळून साधारण १२ किलो आणि सायकलीचे स्वतःचे १५ किलो, म्हणजे मोकळे जातानाच भार १०९ किलो होतो. म्युल डिअरचे हाडे काढलेले मांस साधारण २५ ते ३५ किलो भरते. त्यातले २५ किलो जरी कॅरिअरवर घेतले, तरी एकूण आकडा १३४ वर जातो. अनेक उत्पादक सायकल, स्वार आणि सामान धरून एकूण भाराची मर्यादा १२० ते १३६ किलोच्या आसपास ठेवतात. ही मर्यादा सायकलीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मोठ्या नर एल्कचे हाडे काढलेले मांस शंभर किलोच्या घरात जाते, तेव्हा ते एका खेपेत आणण्याचा विचारच करू नये. दोन-तीन खेपा धरूनच बेत आखावा.

हे लक्षात घेता माझी निवड स्पष्ट आहे. अॅल्युमिनियमच्या किंवा स्टीलच्या सांगाड्याची, मागे सस्पेन्शन नसलेली, २९ इंची चाकांची आणि २.२ ते २.४ इंच रुंद टायर बसणारी माउंटन बाइक तुम्ही घ्यावी. मागचे सस्पेन्शन नको, कारण तशा बहुतेक सायकलींना कॅरिअर बसवण्याची सोय नसते आणि भार पडला की मागचा भाग खाली दबतो. पुढच्या फोर्कला १०० ते १२० मिलिमीटरचे सस्पेन्शन असेल तर हात कमी थकतात, विशेषतः जिथे मोटारींच्या वर्दळीने रस्ता नालीदार पत्र्यासारखा झालेला असतो तिथे. साधा, न दबणारा फोर्क मात्र हलका असतो आणि त्याला सामान बांधता येते. तोही गैर नाही.

ग्रॅव्हल बाइकबद्दल माझा आक्षेप टायरपेक्षा गिअरबाबत अधिक आहे. चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचे टायर बारीक खडीवर उत्तम पळतात, पण वनखात्याच्या बंद रस्त्यांवर मुठीएवढे दगड पसरलेले असतात आणि त्यांवर भार घेऊन अरुंद टायर चालवणे जिकिरीचे होते. गिअरचे गणित तर सरळ आहे. पुढे ४० दात आणि मागे सर्वांत मोठे चक्र ४२ दातांचे असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळपास पूर्ण फेरा घेते. माउंटन बाइकवर पुढे ३० आणि मागे ५१ दात असतील, तर ते अर्ध्याहून थोडेच अधिक फिरते. सात-आठ टक्के चढावर ओझे घेऊन जाताना गाडीवर बसून राहायचे की उतरून ढकलायचे, हे याच फरकावर ठरते. शिवाय दमछाक होऊन घामाने भिजलेला माणूस वर पोहोचून थंडीत बसला, की तासाभरात कुडकुडू लागतो. सावकाश, घाम न येऊ देता चढता येणे हा शिकारीतला मोठाच लाभ आहे.

ब्रेकवर काटकसर करू नये. डिस्क ब्रेकच हवेत, आणि पुढची चकती किमान १८० मिलिमीटर व्यासाची असावी. पॅड धातुमिश्रित असावेत. ते थोडे आवाज करतात, पण लांब उतारावर तापले किंवा चिखलाने माखले तरी त्यांची पकड टिकते. तुमच्या मित्राची जुनी माउंटन बाइक मला येथेच अपुरी वाटते. १९९० च्या दशकातल्या स्टीलच्या त्या सायकली दणकट आहेत आणि कॅरिअरसाठी त्यांना भोकेही असतात, पण ओल्या रिमवर दाबणारे रबरी ब्रेक शंभराहून अधिक किलोंचा भार उतारावर आवरताना कमी पडतात. नुसते जाऊन-येऊन टेहळणी करायची असेल, तर ती अवश्य वापरावी.

फॅट बाइक बर्फासाठी खरोखर चांगली आहे. मोंटानातील रायफलींचा मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होऊन पाच आठवडे चालतो आणि त्याच्या शेवटी उंचावर बर्फ असतेच. परंतु कोरड्या खडीवर तिचे जाड टायर पायांतली ताकद खातात. तुमच्या शिकारीचे बहुतेक दिवस नोव्हेंबरच्या उत्तरार्धातले असतील तरच ती घ्यावी. टायर कोणतेही असोत, ते ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक बुजवणारा द्रव) भरून घ्या आणि तरीही एक ट्यूब व हातपंप जवळ ठेवा. मोकळे जाताना २० ते २५ पीएसआय हवा पुरते. परतीला भार चढवण्यापूर्वी मागच्या चाकात ती थोडी वाढवावी.

टायर आणि सांगाडा यांच्यामधल्या जागेकडे कोणी बघत नाही, पण ती बघावी. मोंटानात ‘गंबो’ म्हणून ओळखली जाणारी चिकणमाती पावसानंतर चाकाला अशी चिकटते, की चाक फिरेनासे होते. १८९७ मध्ये तुमच्याच गावाजवळच्या फोर्ट मिझुलातून २५ व्या पायदळ पलटणीचे वीस कृष्णवर्णीय सैनिक रायफली आणि तंबू घेऊन सायकलींवर सेंट लुइसला निघाले आणि सुमारे ३,००० किलोमीटरचे अंतर त्यांनी ४१ दिवसांत तोडले. त्यांनाही या चिखलाने हैराण केले होते. शिकारीची सायकल निवडणाऱ्या प्रत्येकाने त्या सैनिकांची हकीकत मुद्दाम वाचावी.

मांस वाहण्यासाठी कॅरिअर की ट्रेलर, हा पुढचा प्रश्न. बऱ्याच कॅरिअरची मर्यादा २५ किलोच्या आसपास असते. एकचाकी ट्रेलर अरुंद वाटेवर बरा, पण तो साधारण ३० किलोच घेतो. दुचाकी ट्रेलर सुमारे ४५ किलो घेतो आणि रुंद रस्त्यावर स्थिर राहतो. ट्रेलर उतारावर सायकलीला मागून ढकलतो, म्हणून वळण येण्याआधीच वेग कमी करावा. तो मागच्या आसाला जोडला जातो आणि हल्लीच्या आसांची लांबी व आटे निरनिराळे असतात, तेव्हा सायकल घेतानाच तिच्या मापाचा जोडआस मिळतो का, हे दुकानात विचारून घ्या. मांस हवा खेळती राहील अशा कापडी पिशव्यांतच ठेवा. पाणी आत न शिरू देणाऱ्या बंद पिशव्या पावसात सोयीच्या वाटतात, पण त्यांत उष्णता कोंडून मांस खराब होते.

रायफल हँडलवर आडवी बांधू नये. त्याने सुकाणू जड होते आणि नळीचे तोंड शेजारून येणाऱ्या सोबत्याकडे राहते. चेंबर रिकामे ठेवून ती पाठपिशवीच्या बाजूला उभी बांधावी. मोंटानात रायफलींच्या हंगामात कमरेच्या वरच्या भागात किमान ४०० चौरस इंच नारिंगी कापड दिसले पाहिजे असा नियम आहे आणि पाठपिशवीने मागच्या बाजूचे बंडीवरचे कापड झाकले जाते. म्हणून पिशवीवरही नारिंगी आवरण घाला. अस्वलांसाठीचा फवारा मात्र सायकलीवर न ठेवता स्वतःच्या छातीवर किंवा कमरेला ठेवा, कारण सायकल आणि तुम्ही कोणत्या क्षणी वेगळे व्हाल हे सांगता येत नाही. सायकल वेगवान आणि जवळजवळ निःशब्द असते, त्यामुळे ग्रिझली अस्वल दचकण्याचा धोका पायी चालण्यापेक्षा अधिक असतो. २०१६ मध्ये ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानाजवळ एक सायकलस्वार आंधळ्या वळणावर ग्रिझलीवर आदळला आणि त्या हल्ल्यात त्याचा मृत्यू झाला. अशा वळणांवर वेग आवरावा आणि हाक द्यावी, मग शिकार बुजली तरी चालेल.

प्रश्न: माझे वय ५८ असून गुडघे दुखतात. शिकारीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ई-बाइक मी पाहत आहे. त्या घेऊन राष्ट्रीय वनांतील बंद फाटकांच्या पुढे जाता येईल का?
– एक वाचक भगिनी, स्पोकॅन

उत्तर: साधारणपणे नाही, आणि हे विक्रेता आपणहून सांगेलच असे नाही. अमेरिकेची वनसेवा सर्व वर्गांच्या ई-बाइक मोटारवाहनांत धरते. पेडल मारल्यावरच मदत करणारी आणि ताशी ३२ किलोमीटरला मदत थांबवणारी पहिल्या वर्गातली गाडीही त्यात आली. त्यामुळे जो रस्ता मोटारींना बंद आहे, तो ई-बाइकलाही बंद आहे. स्थानिक कार्यालयाने एखादी वाट त्यांच्यासाठी मुद्दाम खुली केली असेल तरच अपवाद. वनसेवेचा मोटारवाहन वापराचा नकाशा विनामूल्य मिळतो आणि कोणते रस्ते खुले आहेत ते त्यावरून कळते. साध्या सायकलीला फाटकापुढे बहुधा परवानगी असते, पण तेथील फलक वाचून आणि वनक्षेत्र कार्यालयात विचारूनच खात्री करावी. १९६४ च्या कायद्याने घोषित केलेल्या वाइल्डरनेस (मूळ रानटी अवस्थेत राखलेल्या) क्षेत्रांत तर साधी सायकल, ट्रेलर किंवा मांस ओढायची हातगाडी, चाकाचे काहीच चालत नाही.

गुडघ्यांचा त्रास मी हलका मानत नाही. जिथे मोटारी जाऊ शकतात अशा लांब खडीच्या रस्त्यांवर आपण शिकार करणार असाल, तर ई-बाइक आपल्याला निश्चित उपयोगी पडेल. मात्र या गाड्या सहज तीस किलो भरतात. रस्त्यावर आडव्या पडलेल्या झाडावरून ती एकटीने उचलून पलीकडे ठेवता येते का, हे दुकानातच करून पाहावे. थंडीत बॅटरीची क्षमता बरीच घटते, म्हणून रात्री ती काढून उबदार ठिकाणी ठेवावी आणि निम्मी संपण्याच्या आत परतीला लागावे.