घरून लेखन करून घर चालतं का? सातपूरच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात बरीच वर्षं गुणवत्ता विभागात नोकरी, मुक्त विद्यापीठातून मराठीत एम.ए., सासूबाई आजारी आणि मुलगी लहान म्हणून घरूनच काम हवंय. एक एजन्सी शब्दाला 12 पैसे द्यायला तयार आहे. आधीच्या एकाने दोन महिन्यांपासून पैसे अडकवलेत. नोकरी सोडू का, आणि परदेशी साइट्सवर नाव नोंदवू का?

मी बरीच वर्षं नाशिकमधून लेखन आणि भाषांतरावरच घर चालवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नोकरी आत्ता सोडू नका. या धंद्यात काम मिळणं आणि पैसे खात्यात येणं यांत दोन-तीन महिन्यांचं अंतर असतं. आज मिळालेलं काम पंधरा दिवसांत पूर्ण होतं, महिनाअखेरीला बिल जातं आणि पुढे तीस-पंचेचाळीस दिवसांनी पैसे येतात. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल आणि दोन-तीन ठिकाणांहून पुन्हा पुन्हा काम येत असेल, तेव्हा राजीनाम्याचा विचार करा. तोवर सुट्टीचा दिवस आणि संध्याकाळचे दोन तास पुरतात. घरची जबाबदारी सांभाळून तेवढंही काढणं सोपं नाही, हे मला कळतं. पण पगार चालू असताना वाईट दराला नाही म्हणता येतं, आणि सुरुवातीला ते फार महत्त्वाचं असतं.

आता ते 12 पैसे. हजार शब्दांचे 120 रुपये झाले. माहिती शोधणं, लिहिणं, वाचून तपासणं आणि एकदा बदल करून देणं धरलं तर तीन-चार तास जातात. म्हणजे तासाला तीस-चाळीस रुपये. हात बसला की वेग वाढेल आणि परवडेल असं लोक सांगतात. वेग वाढतो, पण तो तपासणीचा वेळ कापून. लेखन सुमार होतं आणि तसलंच काम पुढे येत राहतं. शिवाय ‘उन्हाळ्यात त्वचेची काळजी’ छापाचे लेख 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून यंत्राकडेच चाललेत. त्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही.

तुम्ही प्रश्नात सगळ्यात कमी लिहिलंय ते गुणवत्ता विभागातल्या अनुभवाबद्दल, आणि माझ्या मते तुमची खरी पुंजी तीच आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाच्या सूचना, सुरक्षा फलक, नव्या कामगारांच्या प्रशिक्षणाचं साहित्य हे सगळं मराठीत लागतं. आयएसओ 9001 हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र किंवा वाहन उद्योगाचं आयएटीएफ 16949 घेतलेल्या कंपनीला या सूचना सहसा लिहून ठेवाव्या लागतात, आणि मशीनवरच्या माणसाला त्या कळल्या नाहीत तर ऑडिटमध्ये अडचण येते. बहुतेक ठिकाणी हे काम इंग्रजी कागद यंत्राकडून मराठीत करून भागवतात. असलं मराठी वाचून कामगाराला कळत नाही. गेज (माप तपासायचं साधन) कुठे लावायचा, रिवर्क (दुरुस्त करायचा माल) आणि रिजेक्शन (बाद माल) यांत फरक काय, फाइव्ह एसचा, म्हणजे कामाची जागा नीट ठेवण्याच्या पद्धतीचा, फलक शॉप फ्लोअरवर कोण वाचतं, हे तुम्ही रोज पाहता. मराठी चांगलं असलेले लेखक पुष्कळ आहेत. मराठी चांगलं असून हे सगळं ठाऊक असलेले फार थोडे.

म्हणून दोन नमुने तयार करा. एक पानभर कामाची सूचना: मशीन सुरू करण्याआधी काय पाहायचं, माप चुकलं तर कोणाला कळवायचं, छोट्या वाक्यांत. दुसरा, सुरक्षेवरचा दोन पानी मजकूर. तुमच्या कंपनीचा कोणताही कागद, रेखाचित्र किंवा आकडा त्यात येऊ देऊ नका. सगळं कल्पित मशीनवर लिहा. नोकरीत असताना बाहेरचं काम चालतं का हे नेमणूकपत्रात आधी वाचा, आणि आपल्याच कंपनीच्या स्पर्धकाकडे जाऊ नका. हे नमुने कारखान्यांत प्रशिक्षण देणाऱ्या सल्लागारांना आणि ई-लर्निंगवाल्यांना पाठवा. कारखान्याच्या दारात थेट जाण्यापेक्षा यांच्याकडून काम लवकर येतं, कारण त्यांच्याकडे एकाच वेळी चार-पाच कंपन्या असतात. अशा कामाला शब्दावर दर सांगू नका. पानावर किंवा पूर्ण कामावर सांगा. एका पानाच्या सूचनेत दीडशे शब्द असतील, पण ते ठरवायला अर्धा दिवस लागतो.

आपल्या जिल्ह्यात दुसरं मोठं क्षेत्र शेतीचं. द्राक्षबागेची एप्रिलमधली खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, भुरी आणि डाउनी हे रोग, निर्यातीच्या मालासाठी औषध फवारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, यावर नीट मराठीत लिहिणारा माणूस ॲपवाल्यांना आणि निविष्ठा (खतं, औषधं) विकणाऱ्या कंपन्यांना हवा असतो. घरात कोणाची निफाड-दिंडोरीकडे बाग असेल तर विचार करा, नसेल तर सोडून द्या. ऐकीव माहितीवर फवारणीबद्दल लिहिणं मला बरोबर वाटत नाही, कुणाचा हंगाम जाऊ शकतो.

परदेशी साइट्सबद्दल. फाइव्हर ही सुटी कामं मिळवून देणारी साइट लेखकाच्या कमाईतून 20 टक्के कापते, म्हणजे हजारातले आठशे हातात, त्यातही चलन बदलताना थोडे जातात. इंग्रजीत सर्वसाधारण लेखन करणाऱ्यांची तिथे जगभरातून झुंबड आहे. मराठीसाठी मला भाषांतरकारांची प्रोझ ही साइट जास्त उपयोगी पडली. तिथे ब्लू बोर्ड नावाची सोय आहे, कोणती एजन्सी वेळेवर पैसे देते याबद्दल भाषांतरकारांनी दिलेले शेरे तिथे असतात. काम घेण्याआधी मी ते पाहतेच. यंत्रांची माहितीपुस्तकं, ॲपमधला मजकूर, औषधांच्या चाचण्यांत रुग्णाला द्यायची संमतीपत्रं अशी इंग्रजीतून मराठीत करायची कामं येतात. संमतीपत्राचं मराठी दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत करून पडताळतात, तेव्हा तिथे ढिलाई खपत नाही. ओमेगाटी हे भाषांतराचं मोफत सॉफ्टवेअर शिकून घ्या. आधी केलेली वाक्यं ते लक्षात ठेवतं. मात्र आधीच्या वाक्यांशी जुळलेल्या वाक्यांना एजन्सी कमी दर देतात, तेव्हा ती टक्केवारी आधीच विचारा.

यंत्राने केलेलं मराठी सुधारून देण्याची कामं आता फार येतात, अर्ध्या दराने. नमुन्याची दोन पानं मागवा. वाक्यागणिक मोडून लिहावं लागत असेल तर तासावर दर मागा किंवा सोडून द्या.

टायपिंग युनिकोडमध्येच हवं, म्हणजे मजकूर कोणत्याही संगणकावर आणि फोनवर नीट दिसतो. श्रीलिपी हे जुनं सॉफ्टवेअर येत असेल तरी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड शिका, महिन्याभरात हात बसतो.

आणि एक, कोणी काम देण्याआधी नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागितलं तर तिथेच थांबा. ‘पानं टाइप करा, घरबसल्या कमवा’ म्हणत करारावर सही घेतात आणि नंतर चुका दाखवून नोटिशीची धमकी देतात. असं झालं तर घाबरून पैसे भरू नका, 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

आता अडकलेल्या पैशांबद्दल, कारण इथेच बायका जास्त गप्प बसतात असं माझं निरीक्षण आहे. आधी सगळे ई-मेल आणि व्हॉट्सॲप संदेश एकत्र करा: काम कोणी सांगितलं, दर किती ठरला, तुम्ही कधी पाठवलं, त्यांनी मिळाल्याचं कधी कळवलं. मग बिलाची प्रत जोडून तारीख घालून सभ्य भाषेत पत्र पाठवा, शक्यतो त्यांच्या हिशेब विभागाला. काम देणारा समन्वयक बहुधा पैशांची बाब पुढे नेतच नाही.

पुढच्या कामांसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट्स खासगी आहेत. एकट्या लेखिकेलाही सूक्ष्म उद्योग म्हणून ती करता येते. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं आणि थकलेल्या पैशांचे असे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली: मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून मार्चच्या आधी मला आठवण करून द्यावी लागत नाही. नोंदणी कामाआधीची असावी, म्हणून आत्ताच करा. अडकलेल्या जुन्या बिलाला तिचा आधार मिळेल असं धरू नका.

कामाच्या ई-मेलमध्ये एक ओळ नेहमी घाला: ‘पूर्ण मानधन मिळाल्यावरच मजकुराचे हक्क तुमच्याकडे येतील.’ 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत नसलेला लेखकच सहसा पहिला हक्कदार असतो आणि हक्क द्यायचे तर ते लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. पुढे बालकथा किंवा ऑडिओसाठी लिहिलंत तर हे फार कामाला येईल, कारण तिथले करार ‘कायमचे, सर्व माध्यमांत’ अशा भाषेत असतात. सही करण्याआधी त्या ओळीवर बोला. मी बोलते, आणि बरेचदा ते बदलतात.

कराचं सोपं आहे. वर्षात एकाच कंपनीकडून 50,000 रुपयांवर मानधन गेलं की ती साधारण 10 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो तुमच्या पॅनवर जमा होतो. एकूण कर कमी बसत असेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, म्हणून विवरणपत्र चुकवू नका. जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत बहुधा लागत नाही. परदेशातून पैसे आले की बँकेकडून रक्कम आल्याचं पत्र मागून ठेवा. पहिल्या वर्षी तरी एखाद्या सीएकडे बसा.

या महिन्यात उद्यम नोंदणी, अडकलेल्या बिलाचं पत्र आणि कामाच्या सूचनेचा एक नमुना एवढं करा. 12 पैसेवाल्यांना नाही कळवून टाका, कारण सांगायची गरज नाही. नमुना झाला की इथेच टाका, मी वाचून खुणा करून देईन आणि पानाला काय दर मागावा तेही सांगेन.