खालून घण घालून लायनर काढू देऊ नका

शहापूरचे दादा, तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. तुमच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचे तीनपैकी दोन लायनर (ओतीव ब्लॉकमधल्या नळ्या, ज्यांत पिस्टन वरखाली होतो) सहज निघाले, तिसरा जाम आहे, आणि मिस्त्री म्हणतोय, "खालून पहार लावून दोन घण घालतो, येईल बाहेर." त्याला थांबवा. लायनर भंगारातच जायचा आहे, पण ब्लॉक तुम्हाला परत वापरायचा आहे.

मॉडेल तुम्ही लिहिलं नाही, पण फोटोत वर कॉलर आणि भोवती पाण्याची जागा दिसते, म्हणजे वेट लायनर, ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं. हेड, ऑइल चेंबर, पिस्टन उतरवलेत, त्यावर बोलत नाही.

माझा ब्लॉक मी ठाण्यातल्या एका वर्कशॉपला दिला होता. मे महिना संपत आलेला, चिखलणी तोंडावर, त्यांच्याकडे कामांची रांग. त्यांनी हेच केलं. घणाचा दणका एका बाजूला बसला, लायनर तिरका उठला आणि जिथे ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) दाबून बसते त्या खालच्या बैठकीच्या कडेचा टवका उडाला. नखाएवढा असेल. मला सांगितलं नाही. सीलंट फासलं, नवा लायनर वरून दाबला, इंजिन बांधून दिलं. थोडे दिवस ठीक चाललं. मग डिपस्टिक काढली तर ऑइल ताकासारखं पांढुरकं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलेलं. चेंबर उतरवला तेव्हा बेअरिंग गेलेली, क्रँक ग्राइंडिंगला द्यावा लागला आणि लावणीचा हंगाम भाड्याच्या ट्रॅक्टरवर काढला. जाब विचारला तर आधी "लायनर-पिस्टनचं किट डुप्लिकेट आहे", मग "हेड गॅस्केट गेलं असेल", मग "शेठ बाहेर गेलेत". बिलावर नुसतं 'इंजिन काम' लिहिलेलं, त्यामुळे भांडायला हातात कागदच नाही. अजून राग येतो. टवका तेव्हाच दाखवला असता तर भरून, बोअर करून बैठक दुरुस्त करता आली असती.

म्हणून ब्लॉक कुणालाही देण्याआधी वरच्या कॉलरची आणि खालच्या ओ-रिंगची अशा दोन्ही बैठकांचे फोटो काढा. लायनर कशाने काढणार ते विचारा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या. उत्तर द्यायला जो कुरकुर करतो त्याला ब्लॉक देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमचा जाम लायनर. पुलर (लायनर वर ओढून काढायचं हत्यार) विकत घ्यायची गरज नाही. वागळे इस्टेटमध्ये किंवा भिवंडीत कुठलाही लेथवाला जाड प्लेटची चकती करून देईल, ती लायनरला खालून लावायची. तिची वरची पायरी लायनरच्या आत सैल बसेल अशी, आणि खालची कड लायनरच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान. ही कड मोठी राहिली तर चकती ब्लॉकलाच अडकते आणि परत तेच नुकसान. मधून आट्यांचा रॉड, वर जाड चॅनेल. चॅनेलचे टेकू ब्लॉकच्या सपाटीवर घ्या, शेजारच्या बोअरच्या कडेवर नकोत. क्रँक आत असेल तर त्याचे जर्नल (बेअरिंग बसतात ते गुळगुळीत भाग) कापडाने झाका.

नट आवळून ताण द्या, कॉलरभोवती आणि खालून गंज सोडवणारं ऑइल मारा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पुन्हा थोडं आवळा. बहुतेक वेळा 'टक्' असा आवाज येतो आणि लायनर सुटतो. घाई करायची नाही.

तरीही हलला नाही तर लायनरच्या आतून वरपासून खालपर्यंत वेल्डिंगच्या उभ्या रेघा ओढतात. वेल्ड थंड होताना आकसतं आणि लायनर सैल पडतो. ड्राय लायनरला (ज्याला पाणी लागत नाही, जो ब्लॉकला चिकटून बसतो) हा उपाय नेहमीचाच आहे, पण हात बसलेला वेल्डरच हवा आणि अर्थिंग थेट ब्लॉकला.

जाम होण्याचं कारण बहुधा पाणीच. आमच्या खाडीपट्ट्यात लोक बोअरवेलचं खारं पाणी सरळ रेडिएटरमध्ये ओततात आणि खालच्या बैठकीत क्षार व गंज दगडासारखा बसतो. काढलेल्या लायनरची बाहेरची बाजूही पाहा. एकाच बाजूला बारीक खड्डे असतील तर ते कॅव्हिटेशन, म्हणजे पाण्यातले बुडबुडे फुटून पडलेले खड्डे. यापुढे साधं पाणी बंद, कूलंट भरा.

नवा लायनर आधी ओ-रिंगशिवाय टाकून बघा. हाताने खाली गेला पाहिजे. अडला तर बैठक अजून साफ झालेली नाही, ठोकू नका. कॉलर ब्लॉकच्या वर किती उभी राहते ते डायल गेजने चारही बाजूंनी मोजा. हे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागातलं असतं, बोटाने कळत नाही. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचाच धरा, ओ-रिंगला काय लावायचं तेही त्यातलंच. मी शिकलेला इंजिनिअर नाही. ओ-रिंगसकट लायनर बसवून झाला की चेंबर लावण्याआधी ब्लॉकमध्ये पाणी भरून खाली कोरडा कागद पसरा आणि रात्रभर ठेवा. थेंब दिसला तर तेव्हाच खोला.

एचएमटीवाल्यांनी तर जास्तच जपावं. पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय 2016 मध्येच झाला. किट बाजारात मिळतं, चांगला ब्लॉक मिळवायला भंगारवाले पालथे घालावे लागतात.

निघालेल्या दोन लायनरचा आतला आणि बाहेरचा व्यास खालच्या टोकाला व्हर्नियरने मोजून इथे लिहा. लेथवाल्याला चकतीचं माप काय द्यायचं ते सांगतो.