१९६८ ची ट्रायम्फ बॉनविल मूळ रूपातच ठेवावी, की आवडीप्रमाणे कॅफे रेसर करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये राहता, १९६८ ची बॉनविल टी१२० घेतली आहे, इंजिन आणि फ्रेमचे नंबर जुळतात, रंग बहुधा कारखान्यातलाच आहे. तुम्हाला कॅफे रेसरचं रूप, म्हणजे खाली वाकलेलं हँडल, एकट्याची सीट आणि मागे सरकवलेले फूटरेस्ट हवेत. जुनी जाणती मंडळी म्हणतात, हात लावू नका.

माझं उत्तर: हात जरूर लावा, पण फक्त पान्याने. नट-बोल्ट खोलून जे परत जागेवर येतं, त्यात तुमची हौस पूर्ण करा. ग्राइंडर, वेल्डिंग किंवा सँडब्लास्टिंग ज्याला लागतं, ते या गाडीवर करू नका. नंबर जुळणारी, मूळ रंगातली गाडी पुन्हा तयार करता येत नाही. नंबर न जुळणाऱ्या, सुट्या भागांतून जमवलेल्या बॉनविल मात्र बाजारात नेहमी असतात. फ्रेम कापूनच गाडी करायची असेल, तर तशी एखादी घ्या.

‘मूळ’ म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवायला हवं. ट्रायम्फच्या मेरिडेनच्या कारखान्यातून एकाच वर्षी दोन तऱ्हेच्या बॉनविल निघत होत्या: ब्रिटनसाठी चार गॅलनची मोठी टाकी आणि बुटकं हँडल, अमेरिकेसाठी छोटी निमुळती टाकी आणि उंच हँडल. आज ब्रिटनमध्ये दिसणाऱ्या कितीतरी गाड्या अमेरिकेतून परत आलेल्या आहेत. म्हणून सगळ्यात आधी व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडून तारखेचा दाखला मागवा. ट्रायम्फच्या जुन्या नोंदवह्या त्यांच्याकडे आहेत. गाडी कधी आणि कुठे रवाना झाली ते त्यातून कळतं. तुमची गाडी अमेरिकेला गेलेली निघाली आणि आज तिच्यावर ब्रिटिश टाकी असली, तर मूळपणाचा अर्धा वाद तिथेच मिटतो.

आवडीनिवडीचं म्हणाल तर खुद्द कारखानाही त्यातून सुटला नव्हता. १९५९ ची पहिली बॉनविल करडा आणि नारिंगी रंग, हेडलाइटभोवती पत्र्याचं आवरण आणि भारी मडगार्ड घेऊन आली. गिऱ्हाइकांना ते रुचलं नाही, आणि पुढच्याच वर्षी रंग बदलला, आवरण गेलं, मडगार्ड हलके झाले.

आणि कॅफे रेसर ही काही आजची टूम नाही. १९६० च्या दशकात लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेत जमणारी पोरं नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून ट्रायटन करत होती. त्यातल्या काही फ्रेम कुठून आल्या, हेही ऐकण्यासारखं आहे. ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारींना नॉर्टन मँक्सचं इंजिन हवं असे, पण नॉर्टन सुटं इंजिन देत नसे. मग अख्खी गाडी विकत घेऊन इंजिन मोटारीत जाई आणि फ्रेम उरे. त्या काळातली अशी खरी ट्रायटन कुणाकडे असेल, तर तिची चिरफाड करून ‘मूळ’ नॉर्टन करू नये. तिचा इतिहास तोच आहे.

आता तुमच्या गाडीकडे वळू.

सीटसाठी लोक पहिली चूक करतात ती म्हणजे फ्रेमचा मागचा भाग कापतात. युनिट इंजिनच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) या ६५० सीसी गाडीत, म्हणजे १९७० पर्यंत, मागची सबफ्रेम बोल्टने जोडलेली असते. तेव्हा दुसरी एखादी ठोकर खाल्लेली सबफ्रेम मिळवा, तिच्यावर काय ती कापाकापी करा, आणि मूळची ग्रीस लावून माळ्यावर ठेवा. मडगार्डचंही तसंच: मूळ मडगार्डला एकही नवं भोक पाडू नका, दुसरं आणा.

हँडलसाठी क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कच्या नळ्यांना थेट आवळायचे दोन सुटे दांडे, घेतलेत तर फोर्कवरची हेडलाइट धरणारी आवरणं काढावी लागतात आणि दिव्यासाठी वेगळे कान लावावे लागतात. शिवाय हँडल पूर्ण वळवल्यावर अंगठा टाकीत चिरडतो, किंवा क्लिप-ऑन आपटून टाकीला पोचा पडतो. तो मूळ रंगाच्या टाकीला पडला तर भरून न येणारं नुकसान. त्यापेक्षा ‘एस बार’, म्हणजे खाली वाकवलेलं एकसंध हँडल, घ्या. तो मूळ क्लॅम्पमध्येच बसतो आणि रूप जवळजवळ तेच देतो. केबल मात्र आखूड लागतील. लांब केबल वळसा घेऊन अडकली तर हँडल वळवताना रेस आपोआप वाढते.

फूटरेस्ट मागे नेले की गिअरचा दांडा बहुतेक वेळा उलटा फिरवून बसवतात, आणि गिअरचा क्रमही उलटतो. ट्रायम्फचा मूळ क्रम उजव्या पायाने एक खाली, तीन वर. उलटवल्यावर एक वर, तीन खाली, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या उजव्या गिअरच्या बुलेटसारखा. चुकीचा गिअर पडू नये म्हणून जोडदांडी असलेला संच घ्या. त्यात क्रम मूळचाच ठेवता येतो. डावीकडचा मागचा ब्रेक दांडीने चालतो, तिची नवी लांबी आणि कोनही जुळवावा लागतो.

टाकीला रंग द्यायचा असेल तर तुमच्या टाकीला नाही. १९६८ चा लालभडक ‘हाय-फाय स्कार्लेट’ आणि चंदेरी, मध्ये हाताने ओढलेली सोनेरी रेघ: उडालेला, ओरखडलेला असला तरी त्याची किंमत नव्या रंगाला येत नाही. दुसरी टाकी घ्या आणि हवा तो रंग द्या. फक्त जुनी फायबरग्लासची कॅफे रेसर टाकी घेऊ नका. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं आहे. त्यातलं इथेनॉल जुनं रेझिन मऊ करतं आणि तो चिकटा थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. ॲल्युमिनियमची किंवा पत्र्याची घ्या.

फ्रेमला पावडर कोटिंग सुचवणारे भेटतील. मी नको म्हणेन. थर जाड असतो, त्यामुळे स्टिअरिंगच्या डोक्याशी डाव्या बाजूला ठोकलेला फ्रेम नंबर बुजतो, इंजिन अडकवण्याच्या जागा घट्ट होतात आणि अर्थिंग तुटतं. इंजिनला तर सँडब्लास्टिंग करूच देऊ नका: वाळूचा कण तेलाच्या वाटांत राहिला की बेअरिंग गेलं. इंजिन नंबरच्या जागेवर बफ फिरवू नका. तो गुळगुळीत झाला, की पुढचा गिऱ्हाईक खोटा नंबर समजतो.

नट-बोल्टच्या बाबतीत घाई नको. या काळात मेरिडेनमध्ये आटे बदलत होते. एकाच गाडीत ‘सायकल’, ‘व्हिटवर्थ’ आणि ‘युनिफाइड’ असे आट्यांचे तिन्ही प्रकार भेटतात. मेट्रिक बोल्ट ‘बसतोय की’ म्हणून दामटला तर ॲल्युमिनियममधले आटे जातात. चकचकीत स्टेनलेसचा मोह अनेकांना होतो, पण ब्रेकचा अँकर, इंजिन माउंट आणि हेडसाठी साधं स्टेनलेस पुरेसं मजबूत नसतं.

काही बदल बाहेरून दिसतही नाहीत आणि गाडी रोज चालवण्याजोगी करतात. ते मी पहिल्या दिवशी करायला सांगेन. पॉइंटच्या झाकणाखाली बॉयर ब्रॅन्सडेनचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसतं. १२ व्होल्टच्या गाडीत दोन ६ व्होल्टच्या कॉइल सिरीजमध्ये लावा आणि टायमिंग स्ट्रोब दिव्याने पूर्ण ॲडव्हान्सला ३८ अंशांवर आणा. बॅटरी अशक्त असली की हे इग्निशन चुकतं आणि लोक कार्बोरेटर उघडत बसतात. वायरिंग ‘पॉझिटिव्ह अर्थ’ आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक फ्रेमला जोडलेलं आहे, हे विसरू नका: फोनचा चार्जर किंवा एलईडी दिवा उलटा जोडलात, किंवा त्याची धातूची बॉडी फ्रेमला टेकली, की तो जळालाच.

अमालचे ९३० कॉन्सेंट्रिक कार्बोरेटर एका साध्या कारणाने बिघडतात. फ्लँजचे नट करकचून आवळले की फ्लँज कमानीसारखी वाकते आणि स्लाइड अडकते. फ्लँजवर सरळ पट्टी धरा. पट्टीखालून उजेड दिसला तर वाकली आहे. काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने सपाट करा, नवी ओ-रिंग घाला, आणि नट बोटाने फिरवून झाल्यावर जेमतेम आवळा. कार्बोरेटर आतून झिजलेले असतील तर कडक ॲनोडाइज्ड स्लाइडच्या अमालच्या नव्या ‘प्रीमियर’ जोडीवर चालवा आणि जुनी जोडी जपा.

पुढच्या ब्रेकला हात लावू नका. १९६८ ला आलेला ८ इंची, दोन्ही शू पुढून धरणारा ड्रम हा बॉनविलवरचा चांगला ब्रेक आहे. आधीच्या सालच्या गाड्यांचे मालक तो शोधून आपल्या गाडीला लावतात. जोडदांडी अशी लावा की दोन्ही शू एकदम टेकतील.

काढलेला प्रत्येक भाग तेल पुसून, चिठ्ठी लावून एकाच पेटीत ठेवा आणि खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. गाडी कधी विकलीत तर पेटीही सोबत गेली पाहिजे. बदलांची यादी विमा कंपनीला लेखी द्या आणि ठरीव किमतीचा विमा घ्या. न सांगितलेल्या बदलावरून दावा अडतो. इंजिन बदललंत तर व्ही५सी या नोंदणीपत्रावरचा नंबर डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याकडे बदलून घ्यावा लागतो. एस बार, सीट आणि फूटरेस्टसाठी नोंदणीतला असा बदल लागत नाही.