कॅरममध्ये सोंगटीला समोरासमोर मारूनही स्ट्रायकर जागेवर का थांबत नाही? बिलियर्डचा चेंडू तर थांबतो.

स्ट्रायकर सोंगटीच्या जवळपास तिप्पट जड असतो, म्हणून तो थांबत नाही. बिलियर्डचे चेंडू सारख्या वजनाचे असल्याने समोरासमोरच्या टकरीत पहिला आपला सगळा वेग दुसऱ्याला देऊ शकतो. नियमानुसार स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा आणि सोंगटी 5 ते 5.5 ग्रॅमची. 15 आणि 5 धरून संवेग व ऊर्जा अक्षय्यतेचं गणित मांडा: सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने सुटते, स्ट्रायकर निम्म्या वेगाने त्याच रेषेत मागोमाग जातो. घसरत जाण्याचं अंतर वेगाच्या वर्गावर ठरतं, म्हणून सोंगटी नऊपट लांब जाते. सरळ शॉटला स्ट्रायकरही पॉकेटमध्ये पडून फाउल होतो, तो जोर गरजेपेक्षा फार जास्त लावल्यामुळेच. कितीही पातळ किंवा जाड कट (सोंगटीच्या कडेला दिलेला तिरका फटका) मारा, मोकळ्या सोंगटीवर आपटून स्ट्रायकर मूळ दिशेपासून साधारण 20 अंशांपेक्षा जास्त वळत नाही. रिबाउंडचा, म्हणजे फ्रेमवर आपटून परत येण्याचा, अंदाज बांधताना हा आकडा फार कामाचा आहे.

मात्र हे आकडे आदर्श टकरीचे आहेत. प्रत्यक्षात थोडी ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत जाते, त्यामुळे नऊपटीचं प्रमाण कमी भरतं. सोंगटी दुसऱ्या सोंगटीला किंवा फ्रेमला चिकटलेली असेल, तर हे गणित लागूच होत नाही. तिथे स्ट्रायकर उलटाही येतो. मुंबईच्या पावसाळ्यात बोर्ड ‘जड’ होतो तेव्हा टक्कर तीच राहते; दमट पावडरीमुळे घर्षण वाढून पुढचं अंतर तेवढं घटतं.